फर्माईश न झालेली रेकॉर्ड

शहागड हे जालना जिल्ह्यातलं, अंबड तालुक्यातलं गोदाकाठचं गाव. सोलापूर–धुळे रस्ता इथे गोदावरी ओलांडतो आणि पूल संपला की बीड जिल्हा लागतो. 1970 आणि 80च्या दशकांत अशा गावांत मुंबईचं गाणं दोन वाटांनी यायचं. एक रेडिओ आणि दुसरा लाऊडस्पीकरवाला. त्यांतला दुसरा जास्त लक्षात घेण्यासारखा, कारण रेडिओवर काय लागेल ते रेडिओवाले ठरवत, लाऊडस्पीकरवर काय लागेल ते मांडवातली माणसं ठरवत.

मराठवाड्यातल्या लाऊडस्पीकरवाल्याचा संसार ठरलेला असे. एक अँप्लिफायर, दोन कर्णे, बॅटरी, रेकॉर्ड प्लेअर आणि रेकॉर्डींची पत्र्याची पेटी. लग्न असो, बारसं असो, उरूस असो की निवडणुकीची सभा, कर्णा माळवदावर नाहीतर लिंबाच्या फांदीला बांधला की शिवारभर कळायचं की गावात कार्य आहे. पेटीत सात इंची ईपी जास्त, बारा इंची एलपी कमी, कारण ईपी स्वस्त. बिस्मिल्ला खाँची सनई, सुलोचना चव्हाणांच्या लावण्या, प्रल्हाद शिंदे, भीमगीतं, आरत्या आणि मग हिंदी सिनेमा. यात त्याच्या स्वतःच्या आवडीला फारसा वाव नव्हता. नवरदेवाचा मामा सांगेल ते लावायचं. आणि मामाला गाणं मागायचं तर हातात धरायला काहीतरी लागायचं: पिच्चरचं नाव, नटीचं नाव, गाणाऱ्याचं नाव, निदान मुखड्यातला एखादा शब्द.

1982 साली एचएमव्हीने एक एलपी काढली. तिच्यात यातलं काहीच नव्हतं. पिच्चर नव्हता, शब्द नव्हते, गाणारा नव्हता. नाव होतं ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. दहा राग, एक माणूस आणि तीन जपानी यंत्रं. त्या माणसाचं नाव चरणजित सिंग. रेकॉर्ड खपली नाही. शास्त्रीय संगीताच्या गिऱ्हाइकाला वेष्टनावरचा ‘डिस्को’ खटकला असेल आणि डिस्कोच्या गिऱ्हाइकाला ‘राग’. तीस वर्षांनी हीच रेकॉर्ड युरोपातल्या गाण्याच्या शौकिनांनी डोक्यावर घेतली. या दोन गोष्टींच्या मधला काळ मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण मुंबईतल्या वाद्यवृंदांचा एक अख्खा इतिहास त्यात दडलेला आहे.

चरणजित सिंग हा मुळात सिनेमाच्या वाद्यवृंदातला माणूस. गिटार, बेस गिटार, कीबोर्ड, जे लागेल ते वाजवणारा. त्या काळी मुंबईत गाणं ध्वनिमुद्रित व्हायचं ते ताडदेवचं फिल्म सेंटर किंवा वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ अशा ठिकाणी. व्हायोलिनवाले, सनईवाले, तबलेवाले, गोव्याचे ट्रंपेटवाले सकाळी जमायचे, तालीम करायचे आणि गाणं ‘टेक’ होईपर्यंत थांबायचे. संगीतकार चाल सांगे आणि अरेंजर ती कागदावर उतरवून कुणी कधी काय वाजवायचं ते ठरवी. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोमंतकीय अरेंजरांनी हिंदी गाण्याला जो भरदार पाश्चात्त्य वाद्यमेळ दिला, त्याची ओळख रसिकांना फार उशिरा झाली. कामाचे पैसे हिशेबाने मिळायचे आणि तिथे संबंध संपायचा. रेकॉर्डच्या वेष्टनावर संगीतकार, गीतकार आणि गायक. वादकांची नावं छापायची पद्धतच नव्हती.

1971च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मधलं ‘दम मारो दम’ आठवून पाहा. देव आनंद यांचा सिनेमा, काठमांडूतले हिप्पी, आशा भोसले यांचा आवाज, राहुलदेव बर्मन यांचं संगीत. हे सगळं पोराटोरांना ठाऊक असतं. पण त्या गाण्याखाली जो एक घोगरा, धुरासारखा पसरणारा सूर आहे, तो ट्रान्झिकॉर्ड नावाच्या विजेवरच्या अकॉर्डियनचा, आणि ते वाजवलं होतं चरणजित सिंग यांनी. त्यातली गिटार भूपिंदर सिंग यांची. हिंदी सिनेमातलं सायकेडेलिक संगीत म्हणून जगभर ज्या गाण्याचा दाखला दिला जातो त्याची नशा मोठ्या प्रमाणात या एका वाद्यात आहे. सायकेडेलिक म्हणजे अमेरिका आणि युरोपात 1960च्या दशकात एलएसडीच्या नादात उमललेली ती संगीताची तऱ्हा: लांबवलेले सूर, प्रतिध्वनी, विकृत केलेली गिटार आणि अधूनमधून सतार. मुंबईच्या स्टुडिओत ती आली तेव्हा वाजवणाऱ्यांपैकी बहुतेक जण डबा खाऊन, लोकल पकडून घरी जाणारे संसारी गृहस्थ होते.

सिनेमाबाहेर मुंबईत आणखी एक छोटं जग होतं. कॉलेजातली, इंग्रजीत गाणारी, केस वाढवलेली पोरं. त्यांना बीट ग्रुप म्हणत. इम्पीरियल टोबॅको कंपनीने आपल्या सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी ‘ऑल इंडिया सिमला बीट कॉन्टेस्ट’ भरवली आणि 1970 व 1971 साली तिच्यातल्या बँडच्या दोन एलपी काढल्या. सिगारेट विकायला काढलेल्या त्या रेकॉर्डी आज परदेशी संग्राहक मोठ्या किमतीला घेतात. 1971मध्येच लोणावळ्याजवळ मळवलीला ‘स्नेहयात्रा’ नावाचा रॉकचा मेळावा भरला. 1972च्या ऑक्टोबरात लेड झेपेलिन या रॉक बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले, एचएमव्हीच्या स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी वाजवून पाहिली आणि एका रात्री कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या डिस्कोथेकमध्ये जाऊन वाजवलं. मुंबईच्या वादकांबरोबरच्या त्या मुद्रणाची अधिकृत रेकॉर्ड निघायला 2015 उजाडलं.

या जगातला ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’ हा बँड बाकीच्यांहून वेगळा पडला, कारण त्याची स्वतःची पूर्ण एलपी निघाली, ‘ऑब्सेशन 77’. त्या पिढीतल्या बहुतेक बँडच्या वाट्याला एखादं गाणं नाहीतर नुसत्या आठवणी आल्या. कीथ कांगा यांच्या या बँडची ही रेकॉर्डही खपली नाहीच. 2011 साली लॉस एंजेलिसच्या ‘नाऊ-अगेन’ कंपनीने ती पुन्हा काढली, तेव्हा भारतात 70च्या दशकात असं संगीत वाजत होतं याचं परदेशात आश्चर्य झालं. इथेही झालंच, फक्त थोडं संकोचून.

आणि गोव्याच्या मुळाचा गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा. मुंबईत जन्मलेला, 1960च्या दशकात लंडनला गेलेला. 1969मध्ये त्याने जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट याच्याबरोबर ‘हम दोनो’ नावाची रेकॉर्ड केली. नाव हिंदी, वाजवणारे जगभरचे, कंपनी इंग्रज. पुढे 70च्या दशकाच्या सुरुवातीला ‘कोंकण डान्स’ ध्वनिमुद्रित झालं आणि पडून राहिलं. डिसिल्वा 1996 साली गेला. ‘कोंकण डान्स’ बाजारात आलं ते त्याच्यानंतर.

मुंबईची म्हणून रेकॉर्ड विस्मरणात जाते आणि पॅरिसची तशी जात नाही, असा आपला एक भाबडा समज असतो. सर्ज गेन्सबूर हा फ्रान्सचा मोठा गीतकार-गायक. 1971च्या मार्चमध्ये, म्हणजे ‘दम मारो दम’च्याच वर्षी, त्याची ‘इस्त्वार द मेलोडी नेल्सन’ निघाली. जेमतेम 28 मिनिटांची रेकॉर्ड, गोष्ट सांगणारी. एक उतारवयाकडे झुकलेला माणूस रोल्स रॉइस चालवताना सायकलवरच्या एका इंग्रज पोरीला धडक देतो आणि तिच्या प्रेमात पडतो. गेन्सबूर गातो कमी, पुटपुटतो जास्त. त्याच्या मागे बेस गिटार एका जागी घुटमळत राहते, आणि मग वाद्यवृंद आणि सत्तर गळ्यांचं वाटावं असं वृंदगान चढत जातं. आज ही रेकॉर्ड फ्रेंच भाषेतल्या सायकेडेलिक संगीताचं शिखर मानली जाते. निघाली तेव्हा तीही फारशी खपली नव्हती.

तिच्या वाद्यमेळाचं काम जाँ-क्लोद वानिए याचं होतं. लगेच 1972मध्ये त्याने स्वतःच्या नावावर एक रेकॉर्ड केली, ‘लाँफाँ असासँ दे मूश’, म्हणजे माश्यांचा जीव घेणारं पोर. वेष्टनावरची गोष्ट गेन्सबूरने लिहून दिलेली. त्यातलं संगीत इतकं विचित्र होतं की मोजक्या प्रती निघाल्या आणि त्यावर पडदा पडला. पुढे काही दशकं ती फक्त संग्राहकांच्या गप्पांत जिवंत होती. 2005 साली ‘फाइंडर्स कीपर्स’ नावाच्या छोट्या कंपनीने ती पुन्हा काढली. ही कंपनी फ्रेंच नव्हती, इंग्रज होती. पुढच्या वर्षी लंडनच्या बार्बिकनमध्ये वानिएचा वाद्यवृंदासह कार्यक्रम झाला. म्हणजे पॅरिसची रेकॉर्ड मँचेस्टरच्या माणसांनी शोधायची, मुंबईची, पुढे येईलच, डच माणसाने. घरच्या माणसाला अडगळीत काय आहे ते माहीत असतं, म्हणून तो तिकडे बघतच नाही.

‘मेलोडी नेल्सन’बद्दल आणखी एक गोष्ट मुंबईकडे बोट दाखवणारी आहे. त्यातला गाभ्याचा वाद्यमेळ लंडनमध्ये, तिथल्या रोजंदारीवरच्या वादकांकडून वाजवून घेतला होता आणि वेष्टनावर त्यांची नावं नव्हती. रेकॉर्ड पुढे गाजली तेव्हा तिचा जीव असलेली ती बेस गिटार कुणी वाजवली यावर वर्षानुवर्षं वाद चालला. बरीच वर्षं श्रेय हर्बी फ्लॉवर्सला दिलं गेलं. शेवटी ठरलं की वाजवणारा डेव्ह रिचमंड होता.

आता 1982. दोन वर्षांपूर्वी ‘कुर्बानी’तल्या ‘आप जैसा कोई’ने देश हलवला होता. लंडनस्थित बिद्दू यांचं संगीत, पंधरा वर्षांच्या नाझिया हसनचा आवाज. मग ‘डिस्को दीवाने’, मग बप्पी लाहिरींचा ‘डिस्को डान्सर’. मराठवाड्यातल्या बँडवाल्यांच्या क्लॅरिनेटवरही डिस्को आला. चरणजित सिंग यांच्याजवळ सिनेमाच्या गाण्यांच्या वाद्यधुनांच्या रेकॉर्डी काढण्याचा अनुभव होता आणि सिंगापुरात घेतलेली रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रं होती. ज्युपिटर-8 हा मोठा सिंथेसायझर. टीआर-808 हे ठोके देणारं यंत्र. आणि टीबी-303 ही चांदीच्या रंगाची छोटी पेटी. बेसवाला हाताशी नसेल तर गिटारवाल्याला घरी रियाजासाठी साथ मिळावी म्हणून ती बनवली होती. तिच्यात सुरांची एक ओळ आधी भरून ठेवायची, मग यंत्र ती फिरून फिरून वाजवत राहतं. भरण्याची पद्धत इतकी किचकट आणि आवाज बेस गिटारपेक्षा इतका वेगळा की जगभरात यंत्र पडलं आणि रोलँडने 1984मध्ये ते बंद केलं.

चरणजित सिंग यांची कल्पना सरळ होती. सिनेमात डिस्कोच डिस्को चालू आहे, तर तबला बाजूला ठेवून डिस्कोच्या ठोक्यावर राग का वाजवू नयेत? त्यांनी दहा राग निवडले: भैरव, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. यादी पाहिली की निवडणाऱ्याचं शिक्षण कळतं. त्यात प्रहर आहेत, ऋतू आहे. कलावती घेणाऱ्याच्या कानावर प्रभा अत्र्यांची कलावती पडलेली असणार, असं कुठल्याही मराठी श्रोत्याला वाटेल. मला तसं वाटतं. पुरावा मागू नये.

रेकॉर्ड ऐकताना पहिला धक्का तालाचा बसतो. तबल्याच्या ठेक्यात सम असते, खाली असते, वजन कमी-जास्त होतं आणि त्यामुळे ऐकणारा कुठे आहे ते त्याला कळत राहतं. 808चा डिस्को ठोका चारही मात्रांवर सारख्याच जोराने पडतो. सगळ्याच मात्रा समेच्या. आवर्तनाची जागाच सापडत नाही, आणि थोड्या वेळाने ती शोधायची गरज वाटेनाशी होते. त्याच्या खाली 303ची ओळ, ठरलेल्या स्वरांची, न थकता फिरणारी. ती तानपुऱ्याचं काम करते, पण तानपुऱ्यासारखी शांत नाही, सारखी चुळबुळ करते. वर ज्युपिटरवर रागाचा विस्तार. यंत्रात स्वर भराभर चढवण्या-उतरवण्याची सोय असते, तिच्यातून निघतात ते जवळजवळ आपले पलटे आणि अलंकार, फक्त माणसाच्या बोटाला न झेपणाऱ्या लयीत.

सगळे राग सारखे जमलेले नाहीत. ज्यांचे स्वरच कमी, त्या भूप, मालकंस, बैरागीत यंत्र खुशाल खेळतं. मालकंसात रिषभ नाही, पंचम नाही, उरलेल्या पाच स्वरांत फिरणारी ओळ यंत्राला सहज पेलते आणि रागाचं गांभीर्यही टिकतं, हा या रेकॉर्डमधला सगळ्यांत खरा भाग. तोडीत मात्र यंत्राचं हसं होतं. तोडीचा गंधार जरा जास्तच उतरलेला लागतो, तो घासून, आंदोलून लावायचा असतो. जपानी यंत्राला पियानोचे बारा ठरलेले सूर माहीत, त्यांच्या मधली जागा माहीत नाही. ललतात दोन मध्यम शेजारी शेजारी येतात तेव्हा गवई त्यांच्यात श्वासाचा फरक करतो, यंत्र दोन पायऱ्या चढतं. 303मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय आहे आणि तिला मींड म्हणावंसं वाटतं. पण मींडेत गाणारा वाटेत रेंगाळतो, यंत्र वेळेवर पोचतं. शास्त्रीय संगीताच्या माणसांनी तेव्हा ही रेकॉर्ड बाजूला ठेवली असेल तर त्यांच्या कानांत दोष नव्हता.

खपाच्या दृष्टीने वेळही वाईट होती. एलपी मध्यमवर्गीय घरात महाग वस्तू होती, आणि 80च्या दशकात कॅसेट आली तशी टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी गाणं रस्त्यावर आणलं. शहागडसारख्या महामार्गावरच्या गावांत बसस्टँडजवळच्या टपरीवर कॅसेट मिळू लागली, ट्रकवाल्याकडे, ट्रॅक्टरवाल्याकडे टेप वाजू लागला. लाऊडस्पीकरवाल्यांनी रेकॉर्ड प्लेअर काढून डेक घेतला. पत्र्याच्या पेट्या भंगारात गेल्या, नाहीतर माळ्यावर. मुंबईत रेकॉर्डींचे ढीग चोरबाजारात मटन स्ट्रीटवर आले, शहरोशहरीच्या रद्दीवाल्यांकडे आले. कुणाच्या घरातून एचएमव्हीची ती दहा रागांची एलपी निघालीच, तर विकणाराही तिची किंमत बाकीच्यांइतकीच सांगणार.

चरणजित सिंग काम करत राहिले. स्टुडिओतली कामं कमी झाली, कारण ज्या यंत्रांवर त्यांनी हात टाकला होता तीच यंत्रं आता पन्नास वादकांचं काम एकट्याने करू लागली. लग्नाच्या रिसेप्शनमध्ये ते वाजवत.

याच सुमारास शिकागोत एक वेगळीच गोष्ट घडली. पडलेली 303 यंत्रं जुन्या बाजारात फुकटच्या भावात मिळत होती. तिथल्या काळ्या वस्तीतल्या तीन तरुणांनी, त्यांच्या गटाचं नाव फ्युचर, एक यंत्र घेतलं. नीट वापरता येईना म्हणून त्याची बटणं वाजता वाजता फिरवत बसले आणि यंत्रातून किंचाळणारा, पिळवटणारा आवाज निघाला. त्याची रेकॉर्ड 1987 साली ‘अॅसिड ट्रॅक्स’ नावाने आली. तिच्यातून अॅसिड हाऊस नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार निघाला, त्याने ब्रिटन वेडं केलं आणि टाकाऊ ठरलेली 303 संगीतातली सगळ्यांत हवीशी वस्तू झाली.

2002 साली एदो बोमन नावाचा डच संग्राहक हिंदी सिनेमाच्या जुन्या रेकॉर्डी शोधत भारतात फिरत होता. दिल्लीतल्या एका दुकानात त्याला चरणजित सिंग यांची एलपी सापडली. तो अॅसिड हाऊस ऐकत मोठा झालेल्या पिढीचा. सुई टेकली आणि त्याला 303 ऐकू आलं. वेष्टनावर वर्ष 1982, म्हणजे ‘अॅसिड ट्रॅक्स’च्या पाच वर्षं आधी. जी रेकॉर्ड वीस वर्षं कुणाला मागता आली नव्हती ती मागायला आता एक नाव मिळालं होतं. बोमन यांनी मुंबईत चरणजित सिंग यांना गाठलं आणि 2010मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या कंपनीतर्फे ती एलपी पुन्हा काढली.

पुढचं नाट्य ठरल्यासारखं झालं. लोकांना खरं वाटेना. मुंबईच्या कुणा सरदारजीने 1982मध्ये अॅसिड हाऊस केलं? हा आपला एफेक्स ट्विनचा खोडसाळपणा असणार, असा संशय पसरला. एफेक्स ट्विन, म्हणजे रिचर्ड जेम्स, हा इलेक्ट्रॉनिक संगीतातला अशा उचापतींसाठी प्रसिद्ध असलेला इंग्रज. मग माणूस खराच आहे, त्याच्या घरी यंत्रं आहेत हे कळलं आणि मथळे आले: अॅसिड हाऊसचा जनक मुंबईत.

माझा या कौतुकावर रोष नाही, पण ते चुकीच्या दाराने आलं. चरणजित सिंग यांच्याकडून शिकागोच्या पोरांनी काही घेतलं नव्हतं. त्यांना ती रेकॉर्ड माहीतच नव्हती, आणि सिंग यांना अॅसिड हाऊस माहीत नव्हतं. दोघांच्या हातांत एकच यंत्र होतं, एवढाच संबंध. शिकागोच्या संगीतात जीव आहे तो बटण पिळून आवाज बिघडवण्यात. सिंग यांच्या रेकॉर्डमध्ये बिघडवायचं काही नाहीच, राग शुद्ध ठेवायची धडपड आहे. स्टुडिओत वीस वर्षं दुसऱ्यांच्या चाली वाजवलेला एक वादक स्वतःच्या शिकवणीतले राग बाजारातल्या ताज्या तालावर बसवून पाहतो, ही ती गोष्ट. यमनमध्ये तीव्र मध्यम कुठे येतो हे कळणारा श्रोता त्या रेकॉर्डला 1982मध्ये मिळाला नाही आणि 2010मध्येही कमीच मिळाला. युरोपच्या श्रोत्याला त्यात मालकंस ऐकू येत नव्हता, आपल्या तरुणपणीचा डान्स क्लब ऐकू येत होता.

त्याच वर्षी, 1982मध्येच, रूपा विश्वास या बंगाली गायिकेची, कॅनडात ध्वनिमुद्रित झालेली ‘डिस्को जॅझ’ निघाली होती. तिच्यात आशिष खाँचं सरोद. तीही विसरली गेली, नंतर इंटरनेटवर हजारोंनी ऐकली आणि 2019 साली शिकागोच्या ‘न्यूमेरो ग्रूप’ने अधिकृतपणे पुन्हा काढली. सत्तरीला आलेल्या वादकांना आणि गायिकांना परक्या देशातून फोन येतात आणि एकेकाळी पडलेली रेकॉर्ड आता हवी आहे असं सांगितलं जातं, असे प्रसंग गेल्या पंचवीस वर्षांत जगभर घडले आहेत. काहींना त्यातून पैसे मिळाले. काहींचा ठावठिकाणा लागेपर्यंत उशीर झाला.

चरणजित सिंग यांना थोडा काळ मिळाला. सत्तरी ओलांडल्यावर ते युरोपात जाऊन आले, 303 आणि 808 पुढ्यात मांडून नातवंडांच्या वयाच्या गर्दीपुढे राग वाजवले. 5 जुलै 2015ला मुंबईत त्यांचं निधन झालं. बातम्यांत ‘दम मारो दम’ फार थोड्यांनी लिहिलं, अॅसिड हाऊस सगळ्यांनी लिहिलं.

मुंबईच्या वादकांची नोंद करायचं काम आता होऊ लागलं आहे, हे खरं. ग्रेगरी बूथ या न्यूझीलंडमधल्या अभ्यासकाने वादकांशी बोलून लिहिलेलं ‘बिहाइंड द कर्टन’ 2008 साली आलं. नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’मध्ये मुंबईच्या जॅझवाल्यांची आणि सिद्धार्थ भाटिया यांनी ‘इंडिया सायकेडेलिक’मध्ये बीट ग्रुपांची कहाणी लिहिली. कावस लॉर्ड आणि त्यांचे मुलगे केर्सी, बुर्जोर यांच्यावर ‘द ह्यूमन फॅक्टर’ हा माहितीपट झाला. केर्सी लॉर्ड यांनी 1969च्या ‘रूप तेरा मस्ताना’त अकॉर्डियन वाजवलं आणि मुंबईत सिंथेसायझर रुळवण्यात त्यांचाच पुढाकार होता. 2016मध्ये तेही गेले. ही सगळी पुस्तकं इंग्रजीत आहेत. मराठीत असं पुस्तक लिहायचं तर साहित्य हाताशी आहे: सावंतवाडी-गोव्याकडून मुंबईला आलेले व्हायोलिनवाले, कोल्हापूर-पुण्याच्या स्टुडिओंतून आलेले ढोलकीवाले, आणि मराठवाड्यातल्या माळवदांवरून त्यांचं वाजवणं गावाला ऐकवणारे लाऊडस्पीकरवाले. सिनेमाच्या ज्या गाण्यांत चरणजित सिंग यांनी वाजवलं त्यांच्या वेष्टनांवर त्यांचं नाव नाही. दहा रागांच्या त्या एलपीवर आहे, मोठ्या अक्षरांत.